सात नळ

टोकियोतल्या हिगाशी-कसाईत ओकुबो-सानची तीन मजली इमारत होती. तिथे कुणाचा नळ गळायला लागला की माणसं आधी १०२ नंबरच्या सुमेधा खळदकरचं दार वाजवायची आणि ती घरी नसली तरच प्लंबरला फोन करायची. सुमेधाने काही पाटी लावली नव्हती. नवऱ्याच्या नोकरीपायी जपानात आलेल्या बायकांनी तिथे काय काय केलं, हे एकदा कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. कुणी इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या, कुणी डबे दिले, कुणी नुसतंच खिडकीशी बसून पुण्याचे दिवस मोजले. सुमेधा आठवड्यातून चार सकाळी एका लॉन्ड्रीत आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी करायची, लोकांच्या शर्टांच्या घड्या घालायची, आणि उरलेल्या वेळात लोकांचे वायसर बदलायची. तिच्या पर्समध्ये लिपस्टिक नसे, पण पाना असे.

हा गुण माहेरचा. तिचे वडील पंढरीनाथ, ज्यांना घरीदारी सगळे आप्पा म्हणत, पुण्यात पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन होते. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधायची, पहाटे निघायचं आणि पेठेपेठेतल्या झाकणांखालचे व्हॉल्व्ह सोडत जायचं, ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. ज्याच्या हातात अख्ख्या आळीची आंघोळ असते, त्याला आळीत काय मान असतो हे पुण्याबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. कलेक्टरला कुणी चहा विचारला नसता, आप्पांना दर चौकात विचारायचे. मे महिन्याच्या सुट्टीत सुमेधा कॅरिअरवर बसून त्यांच्याबरोबर हिंडायची. चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर आणि दुसरं कानाला लावून आप्पा जमिनीखालचं पाणी ऐकायचे, आणि मग तिलाही ऐकवायचे. बी.कॉम.ला तिला जेमतेम सेकंड क्लास मिळाला, पण पाइपात पाणी आहे की हवा, हे तिला कानाने कळायचं.

तिचा नवरा अवधूत सॉफ्टवेअरमधला. २००१ साली एका जपानी बँकेच्या कामावर तो सहा महिन्यांसाठी टोकियोला आला आणि त्या सहा महिन्यांची बघता बघता चार वर्षं झाली. सात वर्षांची सलोनी आता आईने मराठीत हाक मारली तरी जपानीत उत्तर द्यायची. अवधूतला कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं आणि कॉम्प्युटरबाहेरचं फार थोडं. घरात बल्ब बदलायचा झाला तरी तो आधी मॅन्युअल शोधायचा. संसार मजेत चालला होता, कारण बल्ब सुमेधा बदलायची.

त्या काळात टोकियोत भारतीय माणसाला भाड्याने घर मिळणं म्हणजे नाकी नऊ येण्याचं काम होतं. एजंट तुमच्यासमोरच घरमालकाला फोन लावायचा, ‘परदेशी आहेत’ म्हणायचा, पलीकडचं ऐकायचा आणि मग दातांतून हवा आत ओढायचा. ती हवा ओढली की उठायचं, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. ओकुबो-सान मात्र वेगळी निघाली. शहात्तर वर्षांची, काटकुळी, बोलायला कमी आणि बघायला तेज. तिने इमारतीतल्या आठ घरांतली दोन घरं भारतीय कुटुंबांना दिली होती. का दिली ते तिने कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये ओकुबो-सानच्या वॉशिंग मशीनचा नळ तुटून वाहायला लागला. प्लंबर तीन दिवसांनी येणार होता. सुमेधाने मुख्य नळ बंद केला, तोटी खोलली, फाटक्या रबरी चपलेचा तुकडा कापून वायसर केला आणि वीस मिनिटांत नळ कोरडा ठाक. ओकुबो-सान सगळा वेळ शेजारी गुडघ्यांवर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी दारात द्राक्षांची पेटी आली.

आणि नोव्हेंबरात ती स्वतः आली. हातात एक जुनी वही होती.

ओकुबो-सानच्या नवऱ्याने चाळिशीत चार मित्रांना हाताशी धरून नागानोच्या डोंगरात लाकडाचं एक छोटं घर बांधलं होतं. उन्हाळ्यात जायचं, हिवाळ्यात बंद ठेवायचं. पण तिथली थंडी अशी की पाइपात पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि पाइप फोडतं. म्हणून दर नोव्हेंबरात कुणीतरी जाऊन घरातल्या पाण्याचा थेंब न् थेंब काढून यावं लागतं. याला तिकडे मिझुनुकी म्हणतात. पस्तीस वर्षं हे काम तिचा नवरा करत आला होता. मार्चमध्ये तो गेला, आणि तिच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

“गावातला माणूस पैसे घेऊन करून देतो,” ती म्हणाली, “पण अनोळखी माणूस त्या घरात फिरायला नको वाटतं. तुम्ही जाल का, सुमेधा-सान?”

सुमेधा ‘हो’ म्हणाली ते आनंदाने, पण त्या होकारात तिचा स्वार्थही होता. ऑक्टोबरात २०३ नंबरचं घर रिकामं झालं होतं. अवधूतच्या टीममधला मोहन हर्डीकर, त्याची बायको स्वरूपा आणि त्यांचं चार महिन्यांचं बाळ कंपनीच्या एका खोलीत राहत होते, आणि डिसेंबर संपला की ती खोली सोडायची होती. नऊ एजंटांनी हवा आत ओढून झाली होती. बाळ रात्रभर रडायचं, शेजारचे भिंत ठोकायचे, आणि स्वरूपा ‘मी बाळाला घेऊन परत पुण्याला जाते’ इथवर आली होती. सुमेधाने तिला ऐटीत सांगून टाकलं होतं, “ओकुबो-सानशी मी बोलते. तू बाळाकडे बघ.”

ती बोललीही. पण ओकुबो-सानचा एजंट तिच्या कानाशी लागला होता की आठात तिसरं घर परदेशी माणसांना देऊ नका. ओकुबो-सान एवढंच म्हणाली, “बघू. आधी डोंगरातलं काम उरकू दे.” जपानी ‘बघू’चा अर्थ लावण्यात माणसांची आयुष्यं गेली आहेत. सुमेधाने तिच्यापुरता लावला. डोंगरातलं काम चोख झालं तर स्वरूपाला घर, बिघडलं तर स्वरूपा पुण्याला.

वहीतलं नवऱ्याचं अक्षर सुमेधाला वाचता येणार नाही, म्हणून ओकुबो-सानने कामाच्या सतरा पायऱ्या साध्या हिरागाना लिपीत, पहिलीतल्या मुलाला द्याव्यात तशा मोठ्या अक्षरात उतरवून दिल्या होत्या. सतरावी पायरी अशी होती: सगळे नळ उघडे ठेवूनच घर बंद करावे, आत राहिलेले पाणी हळूहळू उतरत राहते. तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. अवधूतने त्या सतरा पायऱ्यांचं एक्सेल शीट केलं, समोर टिक करायला चौकोन काढले आणि ऑफिसात प्रिंट काढून आणली.

“सिंपल शट-डाउन प्रोसिजर आहे गं ही,” तो म्हणाला.

“मग तू एकटाच जा,” सुमेधा म्हणाली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सलोनीला फुनाबोरीत नुपूर नावाच्या मैत्रिणीकडे सोडून दोघं पहाटेच्या गाडीने निघाली. अवधूतला संध्याकाळी सातला बँकेत हजर व्हायचं होतं, त्या रात्री त्यांचं मोठं रिलीज होतं. डोंगरातल्या स्टेशनवर उतरून वर जाणारी बस धरली तेव्हा बसमध्ये ड्रायव्हर आणि ही दोघं, एवढीच माणसं होती. वरची सगळी घरं बंद झाली होती. ओकुबो-सानचं घर झाडांच्या आत, काळपट लाकडाचं, छपरावर पिवळ्या बारीक पानांचा थर साचलेला. आत गेल्यावर धुराचा आणि जुन्या गाद्यांचा वास आला. खुंटीवर ओकुबो-सानच्या नवऱ्याची टोपी तशीच होती. ती बघून सुमेधाने आपोआप आवाज हळू केला.

काम मात्र तिने असं केलं की बघत राहावं. बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. ओसरीच्या कोपऱ्यातली, पाइपातलं पाणी जमिनीत सोडणारी मूठ फिरवली. मग घरातले सातही नळ उघडले, दोन ओट्यावरचे, दोन बेसिनचे, दोन न्हाणीतले आणि एक मागच्या दाराचा. नळ घोगऱ्या आवाजात खाकरले आणि गप्प झाले. अवधूत हातात कागद घेऊन मागे मागे फिरत होता.

“नळ उघडे, सतरा नंबर, डन,” त्याने टिक केली.

“सतरा शेवटी आहे ना?”

“उघडलेत ना? मग झालंच की. पॅरलल चालू दे.”

संडासाची टाकी तिने स्पंजने टिपून कोरडी केली. मोऱ्यांमध्ये आणि भांड्यात गोठू न देणारं गुलाबी पाणी ओतलं. शेवटी राहिला गीझर. त्याच्या खालचा स्क्रू अवधूतने काढायला घेतला, काढला आणि बाहेरच्या पानांच्या ढिगात पाडला. तो शोधण्यात पंचवीस मिनिटं गेली. तेवढा वेळ गीझरमधून दीडशे लिटर झऱ्याचं स्वच्छ पाणी भळाभळा मातीत जात होतं, आणि ते सुमेधाला अक्षरशः बघवेना. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना पाणी पुरवलं, त्याची मुलगी चांगलं पाणी ओतून देत उभी होती. तिने जवळच्या दोन बाटल्या भरून घेतल्या, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

दीड वाजला. दोन-पाचची बस होती. “चल चल चल,” अवधूतने दारातून घाई केली. सुमेधा घरभर एक शेवटची फेरी मारून आली, दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं, आणि दोघं उताराने धावली.

खाली स्टेशनवर पोचल्यावर गाडीला पंचवीस मिनिटं होती. अवधूत कॉफी घ्यायला गेला आणि सुमेधा हात धुवायला. हात धुऊन तिने नळ बंद केला. शेजारचा नळ कुणीतरी अर्धवट सोडला होता, टपटपत होता, तोही तिने जाता जाता घट्ट पिळून बंद केला. आणि तिथेच, ओल्या हातांनी, ती थांबली.

पुण्यात ज्यांची वाढ झाली त्यांना हे सांगायला नको. नळाचं पाणी गेलं की पहिलं काम काय, तर नळ बंद करायचे. पाणी कधीही परत येतं, आणि घरात कुणी नसताना आलं तर संसार तरंगतो. सुमेधा दहा वर्षांची असताना आळीतलं एक कुटुंब नळ उघडा टाकून लग्नाला गेलं होतं. पहाटे पाणी आलं, खालच्या मजल्यावरच्या गहू-तांदळाचा लगदा झाला, आणि लोक भांडायला आले ते आप्पांशी, पाणी का सोडलं म्हणून. तेव्हापासून आप्पांनी घरात नियमच केला. बाहेर पडताना गॅस, दिवे, नळ. सुमेधाच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ती ते करते हे तिलाही कळत नसे. मघाच्या त्या शेवटच्या फेरीत तिने गॅस बघितला, दिवे बघितले, आणि सात नळ एकेक करून गच्च बंद केले.

“अवधूत,” ती बाहेर येऊन म्हणाली, “मी नळ बंद केले.”

“कुठले?”

“वरचे. सातही.”

अवधूतने कागद काढला. “सतराला टिक आहे.”

“टिक तू अकरा वाजता केलीस. मी बंद केले दीडला.”

“म्हणजे टेस्टिंग झाल्यावर कुणीतरी कोड बदलला.”

“कुणीतरी नाही. मी.”

तो जरा विचारात पडला. “पण पाणी तर सगळं गेलंय ना? मग काय गोठणार?”

“थंड लाइनचं गेलं. गीझर आपण शेवटी सोडला, ती लाइन अजून उतरत होती. वरून नळ बंद झाला की पाणी खाली येत नाही, पाइपातच लटकून राहतं. सरबताच्या नळीवर बोट ठेवतो ना, तसं. आज रात्री उणे सात आहे वर.”

अवधूत मनाने वाईट नव्हता. पण सातला रिलीज असलेला माणूस जसा विचार करतो तसा त्याने केला. “हे बघ, फुटेलच असं नाही. आणि फुटलंच तर एप्रिलमध्ये घर उघडेल तेव्हा कळेल. तोवर मोहन-स्वरूपा राहायला येऊन चार महिने झालेले असतील. पाइप जुनेच होते म्हणता येईल.”

हे गणित सुमेधाच्या डोक्यातही त्याच्या दोन मिनिटं आधी येऊन गेलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. किती सोपं होतं. गाडीत बसायचं, सोमवारी ओकुबो-सानला किल्ली द्यायची, ‘सगळं झालं’ म्हणायचं. पण मग तिला खुंटीवरची टोपी आठवली, आणि गुडघा दुखत असताना मोठ्या अक्षरात सतरा ओळी लिहीत बसलेली म्हातारी. तिला स्वतःचाच राग आला. चिडली की ती फार भरभर बोलायची.

“तू जा. तुझं रिलीज आहे. वर जायला तीन-दहाची बस आहे, उतरायला चार-पस्तीसची शेवटची. मी उघडून येते.”

“एकटी?”

“नळच उघडायचेत, वाघ मारायचा नाहीये.”

अवधूतने स्वतःचा मफलर काढून तिच्या गळ्यात गुंडाळला, कोंबिनी नावाच्या छोट्या दुकानातून आणलेले दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, तिच्या खिशात कोंबले आणि गाडी सुटेपर्यंत दारात उभा राहून ‘फोन कर’ असं चार वेळा सांगितलं.

वर जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर तोच सकाळचा होता. त्याने आरशातून बघितलं. “घर बंद करून आलात ना मघाशी?”

“बंद केलं,” सुमेधा आपल्या मोडक्या जपानीत म्हणाली. “जास्तच बंद केलं.”

तो मोठ्याने हसला. तिला वाटलं, हा माणूस आपल्यासाठी उतरताना दोन मिनिटं थांबेल. तसं तिने विचारलंही. त्याचं हसू मावळलं. “चार-पस्तीस म्हणजे चार-पस्तीस,” तो गंभीरपणे म्हणाला. जपानातली बस आहे, सासऱ्यांसाठीही थांबली नसती.

घरात शिरली तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती आणि ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. गारठा एवढा की श्वास दिसत होता. तिने ओट्यावरचा थंड नळ उघडला. काही नाही. बेसिनचा थंड, काही नाही. मग न्हाणीतला गरम पाण्याचा नळ फिरवला आणि नळाने एक लांब सुस्कारा टाकला, हवा आत ओढून घेतली, आणि भिंतीपलीकडे, गीझरच्या बाहेरच्या तोंडातून, पाणी पडायला लागलं. हे एवढं पाणी तिने पाइपात कोंडून ठेवलं होतं आणि वर कुलूप घातलं होतं.

सातही नळ उघडून झाल्यावर तिने कोपऱ्यातली झाडणी उचलली, दांडा उलटा करून एक टोक पाइपवर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला आणि फरशीवर बसून राहिली. पाणी वाहत होतं. मग झिरपत होतं. मग थेंब. चार-दहा झाले. चार-पंधरा. मधेच एक थेंब पडे, आणि आता संपलं म्हणेतो आणखी एक. बस चुकली तर रात्र इथेच, बिनपाण्याच्या घरात, दोन ओनिगिरींवर काढावी लागणार होती. तरी ती उठली नाही. चार-वीसला दांड्यातून नुसती पोकळ शांतता ऐकू आली. तिने आणखी दोन मिनिटं खात्री केली.

आता खरी परीक्षा होती ती घराबाहेर पडण्याची. सुमेधाने आपल्या हातांचा भरवसा धरला नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातले आणि सात आ वासलेल्या नळांकडे न बघता, कोपराने दिवा मालवत, ती दारापर्यंत गेली. उघडे नळ मागे टाकून घर सोडताना जीव नुसता वरखाली होत होता. कुलपासाठी हात बाहेर काढावा लागला, पण कुलूप लागताच तिने तो परत खिशात घातला. मग ती उताराने अशी पळाली की मफलर दोनदा सुटला. बस आली तेव्हा ती थांब्यावर उभी होती आणि घड्याळात चार-पस्तीस होते. ड्रायव्हरने काही विचारलं नाही, फक्त मान लववली, जराशी जास्तच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अवधूत रिलीज संपवून घरी आला, आणि सगळं ऐकल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. “वा. म्हणजे आता सांगायचा काही प्रश्नच नाही. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. किल्ली दे आणि थँक यू घे.”

“सांगणार आहे.”

“अगं, कशासाठी? काही झालंच नाहीये. मुद्दाम सांगून स्वरूपाचं घर घालवणार आहेस का?”

स्वरूपाने सकाळीच फोन करून ‘काही कळलं का गं?’ विचारलं होतं, आणि मागे बाळ कळवळून रडत होतं. पण ते पाणी दोन तास पाइपात तुंबलं होतं. आत कुठे तडा गेला असेल तर? एप्रिलमध्ये घर उघडणाऱ्याला हे माहीत असायला हवं. आप्पांच्या हातून कधी चुकीच्या आळीला पाणी सुटलं, तर ते वहीत लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे, कुणी विचारण्याआधी. तिने केस नीट केले, स्टेशनवरून आणलेली सफरचंदं घेतली आणि शेजारी ओकुबो-सानच्या दारात जाऊन उभी राहिली.

ओकुबो-सानने चहा केला. सुमेधाने तो न पिता, घाईघाईने, चुकीच्या जपानीत सगळं सांगितलं. नळ बंद केले. सवय आहे. स्टेशनवर आठवलं. परत गेले, उघडले, पाणी निघालं. पण दोन तास आत होतं, म्हणून एप्रिलमध्ये न्हाणीच्या भिंतीकडे बघायला हवं. माफ करा.

आणि तिने मान खाली घातली. टेबलावरच्या चहातून वाफ निघत होती, आणि सुमेधा मनातल्या मनात स्वरूपाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होती.

“माझे यजमान,” ओकुबो-सान म्हणाली, “पहिल्या वर्षी संडासाची टाकी रिकामी करायला विसरले. टाकी फुटली. मला म्हणाले, माकडांनी फोडली.”

सुमेधाने वर बघितलं.

“अकरा वर्षं मी त्या माकडांवर रागावून होते. मग एकदा त्यांचा मित्र पिऊन आला आणि बोलून गेला.” म्हातारी हसली. तिला हसताना सुमेधाने पहिल्यांदाच बघितलं, आणि हसता हसता तिचे डोळे ओले झाले तेही बघितलं. मग तिने तोंड पुसलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली, “२०३ मध्ये आधी एक गृहस्थ राहायचे. जपानी. अगदी शांत, अगदी स्वच्छ, कधी आवाज नाही. त्यांची न्हाणी दोन वर्षं गळत होती. मला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. खालच्या घराचं छत कुजलं तेव्हा कळलं. फुटतं सगळ्यांच्याच हातून, सुमेधा-सान. मला भीती वाटते ती गप्प बसणाऱ्यांची.”

ती उठली, गुडघा सांभाळत कपाटापाशी गेली आणि कागदाची एक अरुंद पट्टी आणि ब्रश-पेन घेऊन आली. जपानात घराच्या पत्रपेटीवर राहणाऱ्यांची नावं लावतात, त्याची ती पट्टी होती.

“तुमच्या मैत्रिणीचं आडनाव काय म्हणालात?”

“हर्डीकर.”

“हा-रु-दी-का-रु.” ओकुबो-सानने पट्टीकडे बघून अक्षरं मोजली आणि सावकाश, एकेक अक्षर नीट वळवत लिहायला लागली. “बाळाचंही लिहू. पोस्टमनला कळायला हवं कोण कोण राहतं ते. त्याचं नाव?”

“चंद्रहास.”

म्हातारीने पेन थांबवलं. “चार महिन्यांच्या मुलाला एवढं मोठं नाव,” ती म्हणाली, आणि उठून मोठी पट्टी घेऊन आली.

सुमेधाने इमारतीच्या दाराशी जाऊन २०३च्या पेटीवर पट्टी चिकटवली तेव्हा शाई अजून ओली होती. तिने तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढला. पलीकडे स्वरूपाने उचलला, मागे बाळ रडतच होतं. त्या रडण्यात सुमेधाचं पहिलं वाक्य हवेतच गेलं, आणि दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

“स्वरूपा, पेटीवर तुमचं नाव लागलंय.”